गळ्यापर्यंत भरलेली टाकी

त्या गाडीचा राग मला अजून येतो. ती भंगारात जाऊनही आता कैक वर्षं झाली. तरी रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली जुनी गाडी दिसली की मला आधी दया येत नाही, चीड येते. गाडीची नव्हे, तिच्याभोवती जमलेल्या माणसांची. एक जण वायर हलवत असतो, दुसरा पाइप दाबत असतो, तिसरा काहीच न करता मान डोलावत असतो आणि कारण मात्र तिघांनाही ठाऊक असतं. मी मुकाट्याने पुढे जाते, कारण आमच्या गाडीभोवतीही अशीच माणसं उभी राहायची आणि त्यांनी माझ्या वडिलांच्या नाकी नऊ आणले होते.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली आहे. बाबा बंदर खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी गाडी घेतली. रत्नागिरीत तेव्हा गाडी म्हणजे डॉक्टर, वकील नाहीतर आंब्याचे मोठे व्यापारी यांच्या दारातली वस्तू. आमच्या गल्लीत ती आली तेव्हा लोक बारशाला यावेत तसे बघायला आले. गाव सोडून निघालेल्या एका डॉक्टरांची ती जुनी गाडी. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा काडीचाही दोष नव्हता. रंग राखाडी, दरवाजे धाडकन आपटल्याशिवाय लागायचे नाहीत आणि पेट्रोलचा काटा मेलेला. टाकी भरलेली असो की कोरडी, काटा आपला अर्ध्यावर. त्यामुळे डिकीत बांबूची एक काठी असायची. गाडी थांबली की मागच्या बाजूचं टाकीचं झाकण फिरवून काढायचं, काठी आत बुडवायची आणि ती कुठवर भिजली ते बघायचं. हे काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा जिल्हा परिषदेत नुकतीच चिकटले होते. दिवसभर फायली, आणि घरच्या गाडीत बसलं की ही काठी. माझ्या साड्यांना पेट्रोलचा वास यायचा आणि ऑफिसातल्या बायका नाक मुरडायच्या.

बाबांनी गाडी घेतली ती आईसाठी. हे त्यांनी कधी तोंडाने कबूल केलं नाही, पण घरात सगळ्यांना माहीत होतं. आईला एस.टी. लागायची. डिझेलचा वास नाकात गेला की स्टँड सोडायच्या आत तिचा चेहरा पांढराफटक पडायचा, पुढे सगळी वाट ओकाऱ्या आणि मग दोन दिवस अंथरूण. तिचं माहेर मंडणगडच्या बाजूला, डोंगरात. रत्नागिरीहून तिथे जायचं म्हणजे एस.टी.त दिवस मोडायचा. त्यामुळे लग्नानंतर तिचं माहेर हळूहळू तुटत गेलं. तुटलं नाही ते एका माणसामुळे. माझा मामा, म्हणजे आईचा थोरला भाऊ, दर भाऊबीजेला स्वतः यायचा. खांद्यावर कुळथाची पिशवी, हातात नाचणीची, अंगावर इस्त्रीची घडी मोडलेला सदरा. पाटावर बसायचा, आईकडून ओवाळून घ्यायचा, जेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने परत जायचा. गप्पा फार नसायच्याच. आईला तेवढं पुरायचं.

गाडी मार्चमध्ये आली. बाबा निवृत्तीनंतर गाडी शिकले. स्टिअरिंग असं धरायचे, जणू ते कोणी हिसकावून नेणार होतं. पण चालवायचे बरी. आम्ही गणपतीपुळ्याला जाऊन आलो, आईला साधं मळमळलंसुद्धा नाही. पुढच्या सीटवर खिडकीची काच खाली करून ती ऐटीत बसली होती. तेव्हा गाडीला काही म्हणजे काही होत नव्हतं. मग पावसाळा आला. बाबांनी गाडी माडाखाली ताडपत्रीत बांधून ठेवली आणि बाजारहाटापुरतीच बाहेर काढली.

त्या पावसाळ्याअखेर मामा शेताच्या बांधावरून घसरला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. त्यांच्या गावचा एक माणूस निरोप घेऊन आला. "बसतो, पन चालवत नाय त्याला," तो म्हणाला. "खाना पन कमी झालाय. ह्या वर्साला काय भाऊबीजेला येवचा नाय, ताईला सांगा म्हनला."

आई त्याला चहा देऊन आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. बाबा ओटीवरूनच म्हणाले, "अगो, त्याला यायला कशाला हवं? दारात गाडी आहे. भाऊबीजेला तुला भावाच्या दारात उतरवीन."

हे बोलताना त्यांना फार सोपं वाटलं असणार.

भाऊबीजेचं आईला इतकं का, ते सांगायला हवं. आमच्याकडे जिला भाऊ नाही ती बाई भाऊबीजेच्या संध्याकाळी चंद्राला ओवाळते. बीजेची कोर ती केवढीशी, आणि मावळायचीही लवकर. शेजारची एक म्हातारी दर वर्षी तबक घेऊन अंगणात उभी राहायची. आई तेवढ्या वेळापुरती खिडकी लावून घ्यायची. तिला ते बघवायचं नाही. भाऊ असताना ओवाळायचं राहिलं तर आपणही त्या अंगणात उभ्या राहिल्यासारखं होईल, असं काहीतरी तिच्या मनात बसलं होतं.

दसऱ्याच्या सुमाराला बाबा म्हणाले, आधी एकदा जाऊन मामाला बघून येऊ, रस्त्याचीही पाहणी होईल. लांबचा पल्ला म्हणून त्यांनी आदल्या दिवशी टाकी गळ्यापर्यंत भरून आणली. ही त्यांची जुनी बंदरातली सवय. बोट निघायची तर टाकी पूर्ण भरलेली हवी, असं ते म्हणायचे. हातखंबा सोडला आणि गाडीने खोकल्यासारखे आचके द्यायला सुरुवात केली. मग मेली. बाबांनी बॉनेट उघडलं. मी मागे जाऊन झाकण काढलं. ते अलीकडे जरा घट्ट बसायला लागलं होतं आणि निघताना फुस्स आवाज करायचं, पण त्या गाडीला आवाजांची काय कमी होती! काठी भिजून ओली. "पेट्रोल भरपूर आहे," मी ओरडले.

तोवर माणसं जमली. त्यातला एक म्हणाला, "कार्बोरेटरमधी कचरा." त्याने आतली एक बारीक तोटी, म्हणजे जेट, काढून तोंडाने फुंकर मारली, परत बसवला, आणि गाडी सुरू! तो असा हसला की बाबांनी त्याला नमस्कारच करायचा बाकी ठेवला. पुढे निवळीचा घाट चढून गेलो आणि परत तेच. आचके, खोकला, शांतता. या वेळी फुंकर मारायला कोणी नव्हतं. बाबांनी स्वतः खाटखूट केलं, मी काठी बुडवली, आणि गाडी सुरू झाली. पण बाबांचा धीर सुटला होता. मागे फिरलो. घरी आल्यावर आईने साडी बदलली आणि भात टाकला.

मग मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या गॅरेजात आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथला मेकॅनिक चांगला होता, हात स्वच्छ होता त्याचा. कार्बोरेटर उघडला, पेट्रोलने धुतला, गाडी मारुती मंदिरापर्यंत फिरवून आणली. काही नाही. बंदरापर्यंत नेली. काही नाही. गावात ती गाडी शहाण्या मुलीसारखी वागायची. आम्ही परत टाकी गळ्यापर्यंत भरून मंडणगडला निघालो आणि संगमेश्वरच्या अलीकडे परत रस्त्याच्या कडेला उभे. या वेळी एका ट्रकवाल्याने कॉइलला हात लावून बघितला. "तापली. कॉइल गेली तुमची." ओलं फडकं गुंडाळलं. तोवर मी काठीचं काम उरकलं होतं. किल्ली फिरवली, गाडी सुरू. झालं, निदान बदललं. मागे फिरलो, नवी कॉइल बसवली. गावात गाडी उत्तम.

आमच्या शेजारी एक गृहस्थ होते, आखातात बरीच वर्षं गाड्यांची कामं करून परत आलेले. संध्याकाळी बाबा बॉनेट उघडून उभे राहिले की ते कुंपणाशी यायचे. पांढरी टोपी, तोंडात सुपारी. "दुबईमंदी असली गाडी लोक वाळूत सोडून देतात," हे त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. दुसरं वाक्य जरा उपयोगी असायचं. त्यांचं म्हणणं, उन्हाने पेट्रोलची पाइपातच वाफ होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवा. आता पंपावर फडकं, कॉइलवर फडकं. आमच्या घरातली जुनी धोतरं त्या इंजिनाने खाल्ली. एकदा मी बाबांना म्हटलं, इंजिनाला सरळ न्हाणीघरातच नेऊन बसवू या. बाबा हसले नाहीत.

गॅरेजवाल्याने पंपाचा पडदा बदलला, प्लग बदलले, पॉइंट घासले. शेवटी तोही कंटाळला. "साहेब, गाडीला काय एक झालेला नाय," तो बाबांना म्हणाला. "तुमी घाबरताव, म्हनून ती पन घाबरते. मी चालवतो तेवा पडते का बंद?"

बाबांना ते फार लागलं. ते आयुष्यभर वादळात होड्यांच्या नोंदी घेत बसलेले गृहस्थ. घाबरतो असं त्यांना कोणी म्हटलेलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी जेवताना भाजी अळणी म्हणून ताट सरकवलं. भाजी अळणी नव्हती. मला त्यांचा राग आला, गॅरेजवाल्याचा आला, दुबईवाल्यांचा तर होताच. सगळ्यात जास्त चीड कशाची असेल तर याची, की प्रत्येकाचं निदान बरोबर निघत होतं. ज्याने हात लावला त्याच्या हाताखाली गाडी सुरू व्हायची. खोटं कोणाला म्हणायचं? आणि आई रोज दुपारी वाती वळत बसायची. दिवाळी जवळ येत होती. ती गाडीबद्दल अवाक्षर काढत नव्हती आणि त्यानेच जीव जास्त टांगणीला लागायचा.

आईची एक खोड इथेच सांगते. घरात कुठे भोक दिसलं की तिला चैन पडायचं नाही. मे महिन्यात फणस फोडला की ती त्याचा चीक एका काठीला गुंडाळून ठेवायची. पावसाळ्याआधी तो विस्तवावर मऊ करायचा आणि सगळ्या घराची भोकं बुजवायची. गळकी बादली, तडकलेली बरणी, खिडकीच्या चौकटीतली फट. चीक वाळला की दगड व्हायचा, मग पाण्याची काय बिशाद. बाबा मला म्हणायचे, "मे महिन्यात हिच्यासमोर तोंड उघडं टाकून झोपू नको गो. बुजवील." आई म्हणायची, "तुमचंच आधी बुजवायला हवं."

भाऊबीजेला आम्ही उजाडताच निघालो. एस.टी.ने जावं असं मी सुचवून पाहिलं होतं. दिवाळीची गर्दी, त्यात आईची ही तऱ्हा. आई म्हणाली, "ओकत ओकत भावाला ओवाळू काय?" आणि बाबा म्हणाले, "मी शब्द दिलाय." विषय संपला. डिकीत फराळाचा डबा, पाण्याचे कॅन, ओल्या फडक्यांचा गठ्ठा. आई पुढे बसली होती, मांडीवर तबक. त्यात निरांजन, सुपारी, अक्षता, तिच्या बोटातली अंगठी, आणि वर रुमाल बांधलेला. ओवाळल्याशिवाय ती खाणार नव्हती. मामाही खाणार नव्हता, हे तिला न विचारता ठाऊक होतं. टाकी अर्थातच गळ्यापर्यंत.

हातखंब्याच्या पुढे पहिल्यांदा बंद पडली. फडकी, काठी, सुरू. संगमेश्वरच्या अलीकडे दुसऱ्यांदा. त्या वळणावर एक शेंदूर फासलेला दगड होता, त्या वाटेचा राखणदार. गुरं घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याने आमची अवस्था बघितली आणि म्हणाला, "त्याला नारल दिलाव काय? नाय ना? मग कशी चालंल?" आईने फराळातून नारळ काढून दिला. म्हाताऱ्याने जोरदार गाऱ्हाणं घातलं. ह्यांच्या गाडीवर काय वाकडं नडं असेल ता दूर कर म्हाराजा, लेकराक भावाच्या दारी पोचव म्हाराजा. मी दर वाक्याला "होय म्हाराजा" म्हणत होते आणि एका हाताने काठी टाकीत बुडवत होते. गाडी सुरू झाली. बाबांनी दगडाला हात जोडले. मला तेव्हा खरोखर रडू आलं, भक्तीने नाही, संतापाने. आता देवही त्या निदान करणाऱ्यांच्या रांगेत येऊन उभा राहिला होता.

गंमत म्हणजे त्यानंतर गाडी बरी चालली. चिपळूण आलं, मागे पडलं. परशुराम घाटात एकदा थांबली, पण फडकी, काठी झाल्यावर लगेच उठली. जेवढं पुढे जात होतो तेवढा दोन बंद पडण्यांमधला रस्ता लांबत होता. बाबा म्हणाले, "राखणदाराने ऐकलं." आईने पहिल्यांदा मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि हसली. पण थांबण्या-थांबण्यात दिवस सरत आला होता. खेडला पोचलो तेव्हा ऊन तिरकं झालं होतं. पुढे डोंगरातला रस्ता, पंप नाही. बाबांनी टाकी परत गळ्यापर्यंत भरली.

खेडच्या पुढच्या पहिल्याच मोठ्या चढाला गाडी मेली.

आधी कधी इतक्या लवकर बंद पडली नव्हती. बाबांनी बॉनेट उघडलं. पंपावर फडकं ठेवलं. कॉइलवर फडकं ठेवलं. किल्ली फिरवली. काही नाही. कार्बोरेटरचा जेट काढून स्वतः फुंकला. काही नाही. फडकी बदलली, प्लगच्या वायरी काढून घातल्या, दूरच्या कुठल्याशा देवळाच्या दिशेने नमस्कारही केला. बॅटरीचा आवाज बारीक व्हायला लागला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. समोरच्या डोंगरावरचा उजेड तांबूस झाला, मग करडा झाला.

आणि तिथे, डोंगराच्या अगदी काठावर, बीजेची कोर दिसली.

बाबांचा तोल गेला. हात काळे, सदरा काळा, त्यांनी बॉनेटवर मूठ आपटली आणि म्हणाले, "मला आता जमत नाही. तबक आहे ना? ओवाळ इथूनच चंद्राला, आणि सोड मला!"

आई गाडीतच बसून होती. तिने चंद्राकडून तोंड फिरवलं. तबकावर पदर घेतला. "चंद्राला ज्यांना भाऊ नाही त्या ओवाळतात," ती म्हणाली. आवाज वाढवला नाही. "माझा भाऊ जिता आहे. उपाशी बसलाय."

बाबांनी काळे हात फडक्याला पुसले. मग त्यांनी माझ्यावर राग काढला. "तू तिथे काय उभी आहेस? पेट्रोल बघ."

"आत्ता खेडला भरलं ना!" मी म्हटलं. "तुमच्यासमोर भरलं. बाहेर सांडलं इतकं भरलं! काय बघू त्यात?"

"गळत असेल. बघ म्हणतो ना!"

मी काठी घेतली ती टाकीत घालायला नाही, कोणाच्या तरी डोक्यात घालायला घ्यावी तशी. झाकण हलेना. मी दोन्ही हातांनी पिळलं. ते सुटलं आणि असा लांबलचक फुस्स आवाज झाला की बाबांनी बॉनेटच्या आडून डोकं बाहेर काढलं. टाकी काठोकाठ भरलेली. "भरलेली आहे!" मी ओरडले. "झालं समाधान?"

बाबांनी हताशपणे किल्ली फिरवली. दोन-चार घरघरी झाल्या आणि गाडी सुरू झाली.

मी झाकण हातात धरून तशीच उभी राहिले. या वेळी आम्ही सगळं केलं होतं. फडकी, फुंकर, वायरी, देव. एकानेही काम केलं नव्हतं. केलं नव्हतं ते एकच, झाकण उघडलं नव्हतं. आणि आजवर दर वेळी, दर निदानाच्या वेळी, मी मागे उभी राहून तेच करत आले होते.

"बाबा, इकडे या," मी म्हटलं.

झाकणाच्या मधोमध बारीकसं भोक असतं. पेट्रोल जसं कमी होतं तशी हवा आत यावी म्हणून. ती आली नाही तर आत पोकळी होते आणि पंप कितीही ओढो, पेट्रोल येत नाही. टाकी जितकी भरलेली तितकी वर हवा कमी, म्हणजे दम तितक्या लवकर संपणार. म्हणून गावात थोड्या पेट्रोलवर गाडी सुतासारखी सरळ आणि लांबच्या पल्ल्याला टाकी भरली की बंद. हे सगळं बाबा मला नंतर सांगणार होते. त्या क्षणी आम्ही दोघं संधिप्रकाशात ते झाकण डोळ्यांजवळ धरून बघत होतो. भोकाच्या जागी काळपट, गुळगुळीत ठिपका होता. धुळीने झाकणाच्याच रंगाचा झालेला. मी नखाने खरवडलं. खालून तपकिरी, चिवट काहीतरी दिसलं.

आमच्या बादलीच्या बुडाला तसंच होतं. बरणीच्या तड्यातही.

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. महिनाभराचा सगळा संताप त्यांच्या मागे उभा होता. गॅरेजच्या फेऱ्या, धोतरं, माझ्या साड्यांचा वास, बाबांनी सरकवलेलं ताट. मला आईचा इतका राग आला की कानशिलं तापली. मी बाबांकडे बघितलं, त्यांनीही ओळखलं होतं. आता हे फुटणार, असं मला वाटलं. त्यांनी मागच्या काचेतून आत बघितलं. आई पाठमोरी बसली होती, पदर तबकावर तसाच, मान सरळ.

"पिन आहे का गो तुझ्याकडे?" त्यांनी हळूच विचारलं.

बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन मी त्यांना काढून दिली. त्यांनी तो चीक टोकरून टोकरून बाहेर काढला, झाकणाला फुंकर मारली, भोकातून आरपार उजेड दिसतोय ना ते पाहिलं. चिकाचा तुकडा त्यांनी झुडपात लांब भिरकावला.

गाडीत बसल्यावर आईने विचारलं, "काय होतं?"

"कचरा," बाबा म्हणाले.

"एवढी माणसं बघून गेली, एकालाही दिसला नाही?"

"नाही दिसला."

त्यानंतर गाडीने हूं की चूं केलं नाही. कोर डोंगराआड गेली होती. मामाच्या अंगणात गाडी शिरली तेव्हा पडवीत कंदील होता आणि मामा पाटावर बसला होता. भिंतीला टेकवून, दोन्ही बाजूंना भाताची पोती लावून त्याला बसतं केलं होतं. मामी म्हणाली, दुपारपासून बसलाय, आडवा हो म्हटलं तर ऐकत नाय. त्याची मान बारीक झाली होती. सदरा मात्र इस्त्रीचा. आईने हातपाय धुतले, निरांजन लावलं आणि त्याला ओवाळलं. ओवाळणी म्हणून त्याने मांडीखालून चोळीचं कापड काढून तबकात ठेवलं. मी कंदिलाच्या उजेडाबाहेर सरकले.

जेवताना मामाने विचारलं, "गाडी बरी हाय ना, भावजी?"

बाबांच्या आधी आईच बोलली. "बरी आहे म्हणजे काय! वाटेत जरा कचरा अडकला एवढंच. पण गाडी टिकली कोणामुळे माहिती आहे दादा? पावसाळ्याच्या आधी मी बघितलं, टाकीच्या झाकणाला भोक! सगळं पाणी आत गेलं असतं. मी फणसाचा चीक भरला त्यात. ह्यांना सांगितलंही नाही. गाडी धड राहिली तर तुझ्याकडे येता येईल, म्हटलं."

मला ठसका लागला. मामीने पाण्याचा तांब्या पुढे केला. बाबा भात कालवत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"हो," ते म्हणाले. "तिच्यामुळेच आलो."

"लहानपनापासून हुशार ती," मामा म्हणाला.

पुढच्या मे महिन्यात आईने चीक तापवायला घेतला तेव्हा ती अंगणाकडे बघत म्हणाली, गाडीच्या झाकणाला पण लावायला हवा परत. बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "मी लावलाय." आई खूश झाली. माणूस सुधारतोय, असं ती मला म्हणाली. मी बाबांकडे बघितलं, त्यांनी पान उलटलं.

मामा श्रावणात गेला. निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

त्या दिवाळीत गाडी ठणठणीत होती. पहिल्या किल्लीला सुरू व्हायची, कितीही लांब न्या. भाऊबीजेच्या सकाळी बाबा कोणाला काही न सांगता गाडी घेऊन बाहेर गेले आणि परत आले. संध्याकाळी आईने तबक भरलं आणि ती अंगणात गेली. शेजारची म्हातारी तिच्या अंगणात होतीच. दोघी आपापल्या अंगणातून एकाच कोरीला ओवाळत होत्या. मी खिडकी लावून घ्यायला गेले, तर बाबा माडाखाली गाडीच्या मागे उभे दिसले. त्यांच्या हातात माझी ती बांबूची काठी होती. टाकी गळ्यापर्यंत भरली होती.